आर्डुइनो-ईएसपी३२ प्रोजेक्टला बॅटरी कोणती लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्डुइनो आणि ईएसपी३२ हे प्रोग्रॅम टाकून चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. यूएसबी केबलवर व्यवस्थित चालणारा त्यांचा प्रोजेक्ट बॅटरी लावली की रुसतो. कधी रीसेट होत राहतो, कधी दोन दिवसांत बंद पडतो. याबद्दलचे प्रश्न डिप्लोमाचे विद्यार्थी, विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणारे शिक्षक आणि शेतात सेन्सर लावू पाहणारे शेतकरी सतत पाठवत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. बोर्ड जळला तर फार तर पैसे जातात, पण लिथियमचा सेल चुकीचा हाताळला तर आग लागते. म्हणून सुरक्षेची उत्तरे घाईत वाचू नका.

१. व्होल्ट आणि एमएएच यांत फरक काय? जास्त एमएएचची बॅटरी लावली तर बोर्ड जळेल का?

जळणार नाही. बोर्ड जळतो तो जास्त व्होल्टेजमुळे किंवा प्लस-मायनस उलटे जोडल्यामुळे. एमएएच (मिलीअँपिअर-तास) म्हणजे साठा. २००० एमएएचचा सेल २० मिलीअँपिअर करंट साधारण १०० तास देतो. बोर्ड त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो, सेल कितीही मोठा असला तरी. तिसरी एक गोष्ट मात्र बहुतेक सेलवर छापलेली नसते: एका क्षणी तो जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो. निम्मे प्रश्न तिथेच अडलेले असतात (प्रश्न ३ आणि ८ पाहा).

२. मग माझ्या प्रोजेक्टला कोणती बॅटरी घेऊ?

बॅटरी सगळ्यात शेवटी ठरवा. आधी तीन आकडे कागदावर लिहा: सरासरी करंट किती, एका झटक्यात जास्तीत जास्त किती, आणि बोर्डाला किती व्होल्ट कोणत्या पिनवर लागतात. हे लिहिले की निवड जवळपास आपोआप होते. वाय-फाय नसलेला आणि बहुतेक वेळ झोपणारा सेन्सर असेल तर अल्कलाइन पेन्सिल सेल. वाय-फाय असेल तर १८६५० सारखा चार्ज होणारा दंडगोल लिथियम-आयन सेल. टेबलावर दाखवायचे मॉडेल असेल तर पॉवर बँक. पंप किंवा मोठी मोटर असेल तर १२ व्होल्टची बॅटरी. याचे अपवाद पुढे येतीलच.

३. सगळीकडे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दाखवतात. माझी काही तासांतच संपली. बॅटरी खराब होती का?

बहुधा नाही. ती या कामासाठी बनलेलीच नाही. तिच्या आत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकावर एक बसवलेले असतात, त्यामुळे व्होल्टेज भरपूर आणि साठा तुटपुंजा. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत ५०० एमएएचच्या आसपास, आणि दुकानात सहज मिळणाऱ्या ६एफ२२ छापाच्या झिंक-कार्बन बॅटरीत त्याहून कमी.

आता उनो या आर्डुइनो बोर्डाकडे पाहा. उनो आर३ काहीही न करता नुसता चालू असला तरी ५० मिलीअँपिअरच्या आसपास करंट खातो. ९ व्होल्ट व्हिन या पुरवठ्याच्या पिनवर किंवा काळ्या गोल सॉकेटमध्ये दिले की बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) त्यातले ५ व्होल्ट वापरायला देतो आणि उरलेले ४ उष्णता म्हणून जाळतो. म्हणजे आधीच छोट्या असलेल्या साठ्यातला ४४ टक्के भाग सुरुवातीपासून वाया. शिवाय व्हिनला किमान ७ व्होल्ट लागतात. बॅटरी ७ च्या खाली आली की आत साठा शिल्लक असूनही तो उनोच्या उपयोगाचा राहत नाही. तिचा आंतरिक रोधही जास्त, त्यामुळे सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) फिरला की व्होल्टेज धाडकन पडते आणि बोर्ड रीसेट होतो.

मल्टिमीटरमध्ये, धूर ओळखणाऱ्या अलार्ममध्ये ती उत्तम चालते, कारण तिथे करंट अगदी किरकोळ असतो. प्रदर्शनाच्या दिवशी मुलांचे मॉडेल ऐन परीक्षकांसमोर बंद पडण्यामागे बहुतेक वेळा हीच बॅटरी असते. शिक्षकांना कळकळीची विनंती: साहित्याच्या यादीतून ती काढून टाका आणि तिच्या जागी सहा पेन्सिल सेलचा होल्डर लिहा.

४. पेन्सिल सेल किती लावायचे, आणि कोणते?

आधी कोणते ते पाहू. रिमोटमध्ये घालायचा स्वस्त सेल झिंक-कार्बनचा असतो. जास्त करंट मागितला की तो लगेच दबतो, आणि महिनोन्‌महिने पडून राहिला तर पाझरून होल्डरच्या पट्ट्या खातो. अल्कलाइन सेल कमी करंटवर २००० ते २८०० एमएएच देतो. चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो, पण झटक्याचा करंट या दोघांपेक्षा चांगला देतो. तो घ्यायचा तर चार्ज टिकवून धरणाऱ्या प्रकारातला घ्या. साधा असेल तर नुसता पडून महिन्याभरात बराच रिकामा होतो.

आता संख्या. उनोच्या व्हिनला सहा सेल: अल्कलाइन असतील तर ९ व्होल्ट, चार्जिंगचे असतील तर ७.२. चार चार्जिंगचे सेल ४.८ व्होल्ट देतात, ते थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडता येतात. मात्र चार्जरमधून काढल्या काढल्या चौघांचे मिळून ५.६ व्होल्टच्याही वर जाऊ शकते आणि उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपची मर्यादा ५.५ आहे. व्होल्टेज थोडे उतरवायला मध्ये एक शॉटकी डायोड घाला. चार अल्कलाइन मात्र त्या पिनला कधीही नकोत. नवे असताना ते ६ व्होल्टच्या पुढे असतात.

बॅटरीवर चालणारा साधा सेन्सर करायचा असेल तर माझी पसंती उनोला नाहीच. ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी हा छोटा आर्डुइनो बोर्ड घ्या, त्याचा पॉवर एलईडी काढा, तीन अल्कलाइन सेल त्याच्या रॉ या पुरवठ्याच्या पिनला द्या.

५. १८६५० किंवा मोबाइलसारखा चपटा लिथियम सेल ईएसपी३२ ला थेट जोडू का? दोन्ही ३.७ व्होल्टच्या जवळपासच आहेत ना?

३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडू नका. ३.७ हे नाव आहे. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२ ची कमाल मर्यादा ३.६ आहे.

५ व्होल्ट किंवा व्हिन पिनला जोडले तर बोर्ड चालू होतो, पण अडचण वेगळ्या रूपात येते. बहुतेक स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. त्याला ३.३ व्होल्ट बाहेर काढण्यासाठी आत १.१ व्होल्टच्या आसपास जास्त लागतात, म्हणजे ४.४. तेवढे तर सेल पूर्ण भरलेला असतानाही नसतात. मग सेल उतरत जातो तसे बोर्डाचे व्होल्टेजही उतरते आणि वाय-फाय डळमळते. टेबलावर अर्धा तास चालले म्हणून याला चालणारी जोडणी समजू नका.

योग्य मार्ग तीन. एचटी७८३३ सारखा कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर लावून त्याचे ३.३ व्होल्ट बोर्डाच्या ३.३ पिनला द्यायचे. किंवा बूस्ट मॉड्यूलने ५ व्होल्ट करून ते व्हिनला द्यायचे. किंवा सेलचे सॉकेट आणि चार्जर आधीच असलेला बोर्ड घ्यायचा. तिसऱ्या मार्गात एक धोका आहे: त्या छोट्या पांढऱ्या जेएसटी प्लगमध्ये लाल-काळ्या वायरचा क्रम सगळ्या विक्रेत्यांचा सारखा नसतो. प्लग बसतो, पण उलटा करंट जातो आणि बोर्ड मरतो. पहिल्यांदा जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून बोर्डावरच्या प्लसच्या खुणेशी जुळवून घ्या.

६. बॅटरी किती दिवस जाईल, हे आधी कसे काढायचे?

सरासरी करंट काढा आणि साठ्याला त्याने भागा. ईएसपी३२ वरचा तापमान-सेन्सर घेऊ. तो दर १५ मिनिटांनी, म्हणजे ९०० सेकंदांनी जागा होतो, वाय-फाय जोडून आकडा पाठवतो आणि झोपतो. जागेपण ६ सेकंदांचे, तेव्हाचा सरासरी करंट १२० मिलीअँपिअर. झोपेतला करंट ०.०५ मिलीअँपिअर.

जागेपणाचा वाटा: १२० गुणिले ६ भागिले ९००, म्हणजे ०.८. त्यात झोपेचे ०.०५ मिळवले की सरासरी ०.८५ मिलीअँपिअर. सेल २५०० एमएएचचा असेल तर त्यातले ८० टक्केच हिशेबात धरा, म्हणजे २०००. भागाकार साधारण २३५० तास, सव्वातीन महिने.

आता फक्त झोपेतला करंट बदलून पाहा. ०.०५ ऐवजी १० मिलीअँपिअर धरला तर सरासरी पावणेअकराच्या आसपास जाते आणि तोच सेल आठ दिवसही पुरत नाही. प्रोग्रॅम तोच, सेल तोच. सेल दुप्पट मोठा घेतला तरी पंधरा-सोळा दिवसांच्या पुढे सरकत नाही.

७. डीप स्लीप टाकली आहे, तरी आठवड्यात बॅटरी संपते. का?

चिप झोपते, बोर्ड झोपत नाही. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते. पण शेजारी बसलेला एएमएस१११७ स्वतःसाठीच ५ मिलीअँपिअर खात असतो, पॉवरचा लाल एलईडी अखंड जळत असतो, आणि यूएसबीची चिपही जागी असते. प्रश्न ६ मधले १० मिलीअँपिअर इथूनच आले.

उपाय: एलईडीचा रेझिस्टर काढा. बोर्डाचा रेग्युलेटर बाजूला ठेवून स्वतः काही मायक्रोअँपिअरच घेणारा रेग्युलेटर लावा. एचटी७८३३ या कामाला चांगला, एमसीपी१७०० ही चांगला, पण तो २५० मिलीअँपिअरचा असल्याने वाय-फायला अपुरा. मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरसारख्या गोष्टी कायम चालू ठेवू नका, मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) गरजेपुरत्या चालू करा.

मोजताना एक फसगत होते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून बोर्ड जागा झाला की मीटरच्याच आतल्या रोधामुळे व्होल्टेज पडते आणि बोर्ड रीसेट होत राहतो. बोर्ड मिलीअँपिअरच्या मोठ्या रेंजवर सुरू करा, झोपला की रेंज बदला, आणि बदलताना सर्किट तुटू नये म्हणून मीटरला समांतर एक जंपर वायर धरून ठेवा.

८. वाय-फाय सुरू होताच ईएसपी३२ रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) संदेश येतो. सेल तर भरलेला आहे.

सेल भरलेला असेलही, पण तो करंट बोर्डापर्यंत वेळेत पोहोचत नाही. वाय-फायचे प्रक्षेपण सुरू होताना २४० मिलीअँपिअरपर्यंत आणि क्षणभर त्याहूनही जास्त मागणी येते. पुरवठा किमान ५०० मिलीअँपिअरचा असावा, असे ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ ही कंपनीच सांगते. रेग्युलेटर छोटा, वायर लांब आणि बारीक, होल्डरची स्प्रिंग गंजलेली, ब्रेडबोर्ड ढिला: यातले काहीही असले तरी तेवढ्यात व्होल्टेज खाली जाते.

३.३ आणि ग्राउंड पिनच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सेलपासूनची वायर आखूड करा. ब्राउनआउट तपासणी प्रोग्रॅममधून बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मानू नका. त्याने फक्त संदेश बंद होतो. कमी व्होल्टेजवर फ्लॅशमध्ये लिहिणे सुरू राहिले तर साठवलेली माहिती खराब होऊ शकते.

९. पॉवर बँक अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होते. काय करू?

पॉवर बँक मोबाइलसाठी बनलेली असते. करंट ५० ते १०० मिलीअँपिअरच्या खाली गेला की मोबाइल भरला असे समजून ती बंद होते. झोपणाऱ्या बोर्डाला म्हणूनच ती निरुपयोगी. काहींमध्ये इअरबड किंवा घड्याळ चार्ज करण्यासाठी कमी करंटचा मोड असतो. त्या चालतात, पण काही तासांनी तो मोडही बंद होतो का ते तपासा. अधूनमधून मुद्दाम करंट ओढणारे सर्किट जोडता येते, पण त्यात बॅटरी वाया जाते. अखंड चालणाऱ्या, एलईडीच्या पट्ट्या असलेल्या प्रोजेक्टला मात्र पॉवर बँकेइतके सुटसुटीत काही नाही.

आकड्याबद्दल: १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा. ५ व्होल्टवर तुमच्या हातात येतात ते ६००० ते ६५००.

१०. टीपी४०५६ या लिथियम सेलच्या चार्जर मॉड्यूलवर चार्जिंग चालू असताना प्रोजेक्टही चालू ठेवला तर चालेल का?

प्रोजेक्ट झोपणारा असेल तर चालेल. अखंड करंट ओढणारा असेल तर नको. चार्जिंगचा करंट ठरलेल्या करंटच्या एक दशांशावर आला की सेल भरला, असे ही चिप ठरवते. १ अँपिअरच्या मॉड्यूलवर हा आकडा १०० मिलीअँपिअर. प्रोजेक्टच तेवढा करंट ओढत असेल तर चार्जिंग कधी थांबतच नाही आणि सेल ४.२ व्होल्टवर तसाच टांगलेला राहतो. कायम चार्जर जोडून ठेवायचा असेल तर भार आणि सेल वेगवेगळे सांभाळणारे मॉड्यूल घ्या.

घेताना बी प्लस-बी मायनससोबत आउट प्लस-आउट मायनस अशाही जागा असलेले घ्या. त्यावर डीडब्ल्यू०१ ही संरक्षण चिप असते. ती सेल साधारण २.४ व्होल्टवर आला की तोडते. हा शेवटचा आधार समजा. रोजचे थांबणे तुमच्या प्रोग्रॅमने ३.४ च्या आसपास करायला हवे (प्रश्न १५).

आणि छोटा सेल १ अँपिअरवर चार्ज करू नका. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर करंट ठरवतो. तो बदलून ३ किलोओहमचा लावला की ४०० मिलीअँपिअर होतो, १० चा लावला की १३०.

११. ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० स्वस्तात मिळतोय. घेऊ का? आणि जुन्या लॅपटॉपमधले सेल?

पहिला घेऊ नका. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास साठा असतो. ९९०० छापणाऱ्याने बाकी काय पाळले असेल, त्याचा विचार करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत समोरासमोर घेत असाल तर सेल तळहातावर घ्या. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, खोटा बऱ्याचदा हलका लागतो. संरक्षण सर्किट आत असलेला सेल ६५ मिलिमीटरपेक्षा थोडा लांब असतो आणि प्रत्येक होल्डरमध्ये बसत नाही, हेही ध्यानात घ्या.

लॅपटॉपचे सेल वापरता येतात, पण नवशिक्यांनी नको. पॅक उघडताना स्क्रू ड्रायव्हर घसरला तर सेल शॉर्ट होतो. सुटा केलेला सेल २ व्होल्टच्या खाली असेल, गंजलेला असेल किंवा चार्ज होताना गरम होत असेल तर त्याचा नाद सोडा. पूर्ण चार्ज करून दोन आठवडे ठेवा आणि पुन्हा व्होल्टेज पाहा. बरेच उतरले असेल तर तो सेल बाद. वरचे प्लास्टिक वेष्टन फाटलेले चालत नाही. सेलचा अख्खा डबा मायनस असतो, आणि प्लसची टोपी त्याच्या कडेपासून हातभर नव्हे, जेमतेम मिलिमीटरभर दूर असते.

१२. दोन सेल जोडून जास्त वेळ मिळवायचा आहे. समांतर जोडू की एकापुढे एक?

वेळ हवा असेल तर समांतर. पण जोडण्यापूर्वी दोन्ही सेल एकाच प्रकारचे, एकाच वयाचे आणि एकाच व्होल्टेजचे हवेत. एक ४.२ वर आणि दुसरा ३.४ वर असताना जोडले तर भरलेला सेल रिकाम्या सेलमध्ये धडाधड करंट ओततो. एकापुढे एक जोडले की दोघांवर लक्ष ठेवणारे बीएमएस आणि ८.४ व्होल्टचा चार्जर लागतो. एका टीपी४०५६ ने ते चार्ज होत नाहीत. नुसता वेळ वाढवायचा असेल तर आधी प्रश्न ७ मधले करा, दुसरा सेल कदाचित लागणारच नाही.

१३. सर्वो आणि बोर्ड एकाच बॅटरीवर चालवू का?

छोटा एसजी९० सुद्धा अडकला की अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो. सर्वोची वीज बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून घेऊ नका. चार चार्जिंगचे पेन्सिल सेल त्याला वेगळे द्या आणि दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड जोडायचे राहिले की सर्वो वेडावाकडा थरथरतो.

१४. शेतात लावायचे आहे. सोलर पॅनल घेऊ का? पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय?

प्रश्न ६ मधला सेन्सर दिवसाला २० एमएएच खातो. बोर्ड नीट झोपत असेल तर एक सेल पॅनलशिवाय सव्वातीन महिने काढतो. म्हणून पॅनल घेण्याआधी झोप दुरुस्त करा. पॅनल लावायचेच असेल तर टीपी४०५६ ऐवजी सीएन३०६५ चे मॉड्यूल घ्या. ढगाळ हवेत पॅनल कमजोर पडले की ते स्वतः चार्जिंगचा करंट कमी करते.

माझ्या मते आपल्याकडे पावसापेक्षा ऊन जास्त घातक आहे. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोहोचतो, बंद डब्यात त्याच्याही वर. आणि चार्जिंग नेमके दुपारी चालते. डबा पांढरा घ्या, पॅनलच्या सावलीत पण त्याला न चिकटवता लावा. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल उष्णतेत अधिक भरवशाचा असतो. त्याचा चार्जर मात्र वेगळा, ३.६ व्होल्टचा. टीपी४०५६ त्याला ४.२ पर्यंत नेईल, म्हणून तो त्याला कधीही लावू नका.

पंप असेल तर १२ व्होल्ट, ७ एएचची लेड-ॲसिड बॅटरी घ्या आणि निम्म्याच्या खाली रिकामी करू नका. तिच्यावरून बोर्ड चालवायला व्होल्टेज उतरवणारे एलएम२५९६ लावतात. ते मॉड्यूल स्वतःच ५ मिलीअँपिअरच्या वर खाते, म्हणजे दिवसाला निदान १२० एमएएच, सेन्सरच्या सहापट.

१५. बॅटरी किती उरली हे प्रोग्रॅमला कसे कळेल?

१०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज निम्मे करा आणि ॲनालॉग पिनवर वाचा. पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर आकडा नाचतो. ही जोडी सतत २१ मायक्रोअँपिअर खाते, झोपलेल्या चिपच्या दुप्पट, तेवढे हिशेबात धरा. ईएसपी३२ वर ३२ ते ३९ मधलीच पिन निवडा. एडीसी२ या दुसऱ्या ॲनालॉग गटाच्या पिना वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत. वाचन वाय-फाय सुरू करण्याआधी घ्या, नंतर घेतले तर दबलेले व्होल्टेज दिसते.

आयर्न फॉस्फेट सेलला ही युक्ती फारशी लागू पडत नाही. त्याचे व्होल्टेज बहुतेक वेळ ३.२-३.३ वर सपाट असते आणि शेवटी एकदम कोसळते.

१६. सीआर२०३२ बटण सेलवर काय चालेल?

ईएसपी३२ अजिबात नाही. कमी शक्तीची ब्लूटूथ चिप किंवा झोपणारी छोटी एटीटायनी चिप चालते. साठा २२० एमएएचच्या आसपास असतो, पण करंट फार थोडा देता येतो.

घड्याळाचे डीएस३२३१ मॉड्यूल वापरत असाल तर इथे लक्ष द्या. त्याच्या प्रचलित निळ्या मॉड्यूलवर चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी चार्जिंगचे सर्किट असते. त्यात साधा सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारा सेल चार्ज होऊ लागतो, तो फुगतो. डायोडशेजारचा रेझिस्टर काढून टाका.

घरात लहान मूल असेल तर होल्डरवर स्क्रूचे झाकण हवेच. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर भाजतो. शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा, लक्षणांची वाट पाहू नका.

१७. प्रोग्रॅम टाकताना बॅटरी काढावी लागते का?

उनोला व्हिनवर बॅटरी असेल तर गरज नाही, बोर्ड स्वतः निवड करतो. ५ किंवा ३.३ व्होल्टच्या पिनला थेट पुरवठा दिला असेल तर आधी तो काढा. नाहीतर दोन पुरवठे एकमेकांत घुसतात आणि कधी कधी संगणकाचा यूएसबी पोर्टही जातो. बॅटरीच्या वायरला एक साधा स्विच लावून ठेवा.

१८. चपटा सेल थोडा फुगला आहे. अजून चालतोय. वापरू का? टाकायचा कुठे?

वापरू नका, चार्ज करू नका, टोचून हवा काढायचा विचारही नको. दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप लावा आणि फरशीवर किंवा धातूच्या डब्यात, कपडे-कागदांपासून दूर ठेवा. घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबताना असे सेल पेट घेतात आणि तिथे माणसे काम करत असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

१९. स्पर्धेसाठी विमानाने जायचे आहे. प्रोजेक्ट आणि सेल कसे न्यायचे?

सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत साधारण अडचण येत नाही. एक १८६५० सेल १० च्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही त्या मर्यादेच्या बरेच आत आहात. तरी जाण्यापूर्वी विमान कंपनीचा नियम वाचा. सेल प्लास्टिकच्या डब्यात एकेक वेगळा ठेवा आणि प्रोजेक्टमधून काढूनच न्या. उघड्या वायर लोंबणारे चालू सर्किट तपासणीत अडवले जाणारच, आणि ते अडवणाऱ्याचे काही चुकत नाही.